बाराव्या किलोमीटरवर मोडलेलं वचन

१९९८ साली पहाटे धावणाऱ्या बायकांच्या एका गटात नणंद आणि तिची वहिनीही होती. वहिनीला मधुमेह होता. कळलं तर गटातून काढतील, या भीतीनं तिनं नणंदेकडून गप्प राहण्याचं वचन घेतलं होतं.

गट ज्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरला, तिच्या सकाळी वहिनीनं इन्सुलिन टोचून घेतलं, पण अंग हलकं राहावं म्हणून खाल्लं काहीच नाही. बाराव्या किलोमीटरला तिची पावलं वाकडी पडू लागली, हात थरथरू लागले.

"वहिनी, थांब गं!"

"तू पळ की जाडे!" वहिनीची जीभ जड झाली होती.

मग मात्र नणंद ओरडली, "अगं, कुणाकडे गोड आहे का? हिला मधुमेह आहे, साखर उतरलीय!"

गटातल्या पुढे गेलेल्या सगळ्या शर्यत सोडून मागे फिरल्या. त्यांच्यातल्या, पोस्टात नोकरीला असलेल्या बाईनं साखरपाण्याची बाटली पुढे केली. वहिनीनं दात आवळले. "साखर? मारायला निघालात मला?"

"उद्या हवं तेवढं भांड, आत्ता गिळ!"

घोटाघोटानं अर्धी बाटली संपली. सगळ्या तिच्याभोवती रस्त्यातच बसून राहिल्या. शेवटी वहिनी पुटपुटली, "चुगलखोर मेली!" तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

तिला कुणी काढलं नाही. उलट रोज "काय खाल्लंस?" विचारून भंडावून सोडलं. ती आणखी चौदा वर्षं धावली. पोस्टातली बाई बदली होऊन गेली. नणंदेचे गुडघे गेले, तरी वहिनी धावत होती तोवर ती रोज पहाटे रस्त्याच्या वळणावर साखरपाण्याची बाटली घेऊन खुर्ची टाकून बसत असे.