पोटनोंद

फणसवाडीतील त्या जुन्या चाळीच्या पुनर्विकासाची सर्व कागदपत्रे एका संगणकीय वर्कस्पेसमध्ये लावण्याचे काम समितीने मेघनाकडे सोपविले होते. तिने रचना निष्ठेने केली. आधी चाळ, चाळीत मजले, मजल्यांत खोल्या. आणि खोलीत भाडेपावतीवर ज्याचे नाव, त्याची मुख्य नोंद. उरलेली माणसे त्याच्याखाली. ती वाडीत नुकतीच सून होऊन आली होती. भाडेपावती एक असली, तरी चाळ घरे मोजते ती चुलींवरून, हे तिला ठाऊक नव्हते. रामजी आणि अजित या सख्ख्या भावांच्या एकाच खोलीत दोन चुली होत्या; पावती मात्र थोरल्या रामजींच्या नावावर. चैत्रातील हळदीकुंकवाचे बोलावणेही दोन्ही चुलींना वेगवेगळे जाई.

रविवारी सकाळी अजितच्या मोबाइलवर सूचना उमटली : आपली नोंद रामजी यांच्या अंतर्गत झाली आहे. ही रचना संध्याकाळी विकासकाकडे जाणार होती, आणि नव्या इमारतीत स्वतंत्र घर फक्त मुख्य नोंदीला मिळणार होते.

खलबत्त्यातील लोखंडी बत्ता उचलून तो ज्येष्ठ बंधूसमोर उभा राहिला.

"मी तुझा पोटभाडेकरू काय रे, दादा?"

"ते खाली ठेव. मेघनाला विचारू, चल."

"तिला काय विचारायचं? तूच पढवलंस तिला."

"आंघोळ करून ये आधी. डोकं थंड होईल."

बत्ता रामजींच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडले. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा कानशिलावर पडला आणि डोळ्यांत रक्त उतरले. तशा आंधळ्या अवस्थेत त्यांनी डाव्या हाताने धाकट्याची मान धरली व त्याचे तोंड ओट्याच्या कडप्प्यावर आपटले. एकदा, मग पुन्हा. त्यांची पत्नी सुभद्रा मध्ये पडली, तीही भिंतीवर फेकली गेली. शेजाऱ्यांनी दोघांना ओढून वेगळे केले, तेव्हा अजितचे पुढचे दात लादीवर होते.

मेघना धावत आली. 

"काका, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं हो. मूळ भाडेकरू म्हणून तुम्ही संमती द्या, आत्ता अजितकाकांना तुमच्या शेजारी, मुख्य नोंदीत लावते."

अजितने रक्त थुंकले. "दादा, दे रे संमती," तो कसाबसा म्हणाला.

रामजींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"त्याचं नाव पुसून टाक."

"अहो, पोरी आहेत त्याच्या," सुभद्रा म्हणाली.

मेघनाने मोबाइल मागे घेतला. रामजींनी तो ओढून ओट्यावर ठेवला आणि अजितच्या नावावर बोट टेकले. पडद्यावर प्रश्न आला : या नोंदीखालील सर्व नोंदीही नष्ट होतील. पुढे जायचे? त्याखाली अजितची पत्नी होती, दोन मुली होत्या. रामजींनी होकारावर डावा अंगठा दाबला. रक्ताने ओल्या अंगठ्याला पडदा दाद देईना.

त्यांनी अंगठा बनियनला पुसला आणि पुन्हा दाबला.