बंकटमामाच्या दमाची जागा

बसा पाव्हणं, त्या टायरावर बसा, खुर्ची मोडकी हाय. मघा तुमी इचारलं ना, डीजेच्या गाडीवर इतकी वर्सं काढून तुमचे कान शाबूत कसे? सांगतो. पर कानाचं सांगायचं म्हंजी उत्तरेश्वरचं सांगावं लागतंय, आन ते ऐकल्यावर तुमाला चहा गोड लागायचा न्हाई. आधी पिऊन घ्या.

मी ड्रायव्हर. अंगदभय्याच्या डीजेची गाडी चालवतो. धारूरपासून अंबाजोगाईपोतर कुटं बी लगीन आसू द्या, गाडी आमचीच. आता डीजेत डब्बे दोन परकारचे. वरचे बारके ते टॉप, खालचे दांडगे ते बेस. टॉपातून गाण्याचे बोल येत्यात, टाळ्या, पिपाण्या, सगळी किरकिर. बेसातून येतो तो दणका. सगळ्या डब्ब्यांची तोंडं मागं, नाचणाऱ्याकडं. मी पुढं कॅबिनीत, डब्ब्याच्या पाठीला पाठ लावून. टॉपचा आवाज बॅटरीच्या उजेडावानी, तोंड जिकडं तिकडंच जातोय. बेसाला तोंड न्हाई आन पाठ न्हाई. पाण्यावानी चहूकडं पसरतोय. मंग काय, इतक्या वर्सांत मला एक गाणं धड ऐकू आलं न्हाई. निस्ता बेस. क्लचवरच्या पायात, बुडाखालच्या सीटात, दाताच्या फटीत.

लोकं इचारत्यात, "राधाकिशन, ते नवं गाणं ऐकलं का?" म्या म्हनतो, बोल म्हाईत न्हाईत, पायाला चाल म्हाईत हाय.

आन पायानं ऐकणाऱ्याला फशिवता येत न्हाई बगा. निम्म्या गाण्यातला बेस म्हंजी रिकामं पिंप घाटात सोडल्यावानी, निस्ती आदळआपट. चांगला बेस हापशावानी आसतोय. दांडा उठला की गप, दांडा दाबला की पाणी. ढोलाचा ठोका पडला की बेसानं खाली बसायचं, ठोका सरला की उठायचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकून घ्यायचं. नवराबायकोला जमत न्हाई ते.

हे मला शिकिवलं उत्तरेश्वरनं. आमच्याच गावचा, ऊसतोडीला जाणारा. त्याच्या आधी तो अंबाजोगाईच्या बँडात होता, बंकटमामाच्या हाताखाली. बंकटमामा बास वाजवायचा. अंगाभोवती अजगरावानी वेटोळं घातलेलं ते पितळी धूड. लोकांचं सगळं ध्यान क्लॅरनेटवाल्याकडं. बक्षिसी त्याला, फेटा त्याला. मामाकडं कुत्रं बघायचं न्हाई. उत्तरेश्वरनं एकदा इचारलं, "मामा, तुमाला वाईट कावून वाटत न्हाई?" मामा म्हनला, "तो थांबला तर लोकं शिट्ट्या मारतेल बे. मी थांबलो तर लोकांचे पाय थांबतेल."

आन मामा थांबायचा. दमेकरी माणूस. चालीचे तीन फेरे वाजवले की छाती भरायची, तोंड काढून दम घ्यायचा. तेवढीच एक जागा रिकामी पडायची. नाचणाराचा पाय वर उचललेला, तो तसाच अधांतरी. मंग मामा आत यायचा आन समद्या रस्त्याचा पाय एकदम भुईला लागायचा. हळूहळू बँडवाले बी त्या जागेला थांबायला लागले. त्याच्या दुखण्याची चाल झाली.

पुढं मामा गेला, बँड डीजेनं खाल्ले आन उत्तरेश्वरच्या हातात कोयता आला. पर डोक्यातला बास गेला न्हाई. मोबाईलवर काय ते ॲप आसतंय, त्याच्यात बोटं मारून बेस रचायचा. मोबाईलला कुटला आलाय दणका? मंग पिठाचा डब्बा रिता करून त्यात मोबाईल ठिवायचा आन डब्ब्याला छाती लावून ऐकायचा. त्याची बायको सुनिता वरडायची, "अवो, लोकं डब्ब्यात पीठ ठिवत्यात, आमच्या घरी गाणं ठिवलंय. थापू का भाकरी त्याची?"

मागल्याच्या मागल्या दिवाळीला त्यानं एक रचलं. अंगदभय्याच्या गाडीवर लावून बघितलं. मी कॅबिनीत, पाय क्लचवर. तीन फेरे झाले आन एकदम गप. माझा पाय तसाच राहिला वर.

म्या खिडकीतून मुंडकं काढलं. "काय झालं बे? बंद पडलं का?"

"न्हाई दादा," उत्तरेश्वर हसत हुता. "बंकटमामानं दम घेतला."

तेवढ्यात बेस परत आला. पाव्हणं, चांगला बाप्या माणूस मी, माझ्या डोळ्याला पाणी आलं.

आता डीजेची एक रीत तुमाला ठावं आसंल. गाण्यात मधी मधी नाव वरडत्यात. ह्या डीजेचं, त्या डीजेचं. नाव ऐकून लोकं माणूस हुडकत येत्यात. लातूरचे, पुण्याचे डीजेवाले आसंच काम देत्यात. उत्तरेश्वर अंगदभय्याला म्हनला, "भय्या, सगळीकडं तुमचंच नाव आसू द्या. निस्तं त्या रिकाम्या जागेत एकदा माझं टाका. जागा मामाची, नाव माझं." त्याला निस्ती हौस नव्हती हो. सुनिताची कंबर गेलती ऊस वाहून वाहून. नाव लागलं तर काम येतंय, काम आलं तर दोघांचा कोयता सुटतोय. येवढंच त्याचं गणित.

अंगदभय्या पुढाऱ्याचं पोरगं, जिभेला साखर. "आरं टाकतो की! तुझं न्हाई टाकायचं तर कुणाचं? जा निवांत."

तो गेला कारखान्याला. इकडं गाणं आसं पेटलं म्हंता! नारायणगडच्या जत्रंपोतर जाऊन पोचलं. उत्तरेश्वरचा फडातून फोन यायचा, "दादा, लागलं का नाव?"

म्या म्हनायचो, "न्हाई बाबा. जागा मोकळीच हाय अजून."

"दुसऱ्या कुणाचं बी न्हाई ना?"

"कुणाचंच न्हाई. रोज ऐकतो की मी."

"मंग लागंल. भय्यानं राखून ठिवलीय."

उन्हाळ्याला कारखान्याचा पट्टा पडला, तोड सरली, लोकं गावाकडं आले. धारूरला एका नवरदेवाचा परण्या हुता, लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या पारापसून मांडवापोतर. उत्तरेश्वर इस्तरीचा शर्ट घालून आला. म्हनला, "आज समोर हुबा राहून ऐकतो." मी गाडी फस्ट गेरात सोडली. तीन फेरे, गप, आन बेस. झ्याक. जरा वेळानं तो खिडकीपाशी आला. तोंडावर रगत नव्हतं.

"दादा, तुमी म्हनला जागा मोकळी हाय."

"हायच की."

"खाली उतरा."

म्या हँडब्रेक वडला, टायराला दगूड लावला आन मागं गेलो, डब्ब्यांच्या तोंडासमोर. इतक्या वर्सांत पहिल्यांदा. तीन फेरे झाले, बंकटमामानं दम घ्यायला तोंड उघडलं, आन त्या तोंडात कुणीतरी कोंबलं, "अंगद! अंगद! अंगदभय्याचा नाद न्हाई करायचा!" टॉपातून, कान फाटस्तवर. समद्या पोरांचे हात वर. पैल्या दिसापसून तसंच वाजत हुतं म्हने. माझ्या कॅबिनीत तेवढं येत नव्हतं.

उत्तरेश्वर गाडीवर चढला. अंगदभय्या लॅपटॉपपाशीच हुता, काळा चष्मा लावून.

"भय्या, हे काय?"

"काय म्हंजी? वाजतंय की तुझं गाणं."

"नाव?"

"नाव गाडीचं आसतंय उत्तरेश्वर. पब्लिक ऊस तोडणाराच्या नावावर नाचंल का? तूच सांग. आन राधाकिशन, तू खाली काय करतोस बे? परण्या हुबाय! गाडी वड!"

म्या गेलो कॅबिनीत. काय करता? वडली गाडी. पुढचं मला पोरांनी सांगितलं. उत्तरेश्वर खाली उतरला, डब्ब्याच्या समोर हुबा राहिला, आन पुढच्या फेऱ्याला जागा आली तवा छाती फोडून वरडला, आपलंच नाव. वरून त्या डब्ब्यांतून अंगद, अंगद. कुणाला काय ऐकू यावं? नवरदेवाकडचा एकजण म्हनला, "पाव्हण्याला चढलीय वाटतं," आन हाताला धरून मधी वडला, डोक्यावर गुलाल वतला. पोरं त्याच्याभवती रिंगण करून नाचली. त्याच्याच बेसावर. तो मधी हुबा.

संपल्यावर आला खिडकीपाशी. गुलालानं लाल झालेला. "दादा, मी वरडलो. तुमाला तरी आलं का ऐकू?"

"न्हाई रे," म्हनलो. "कॅबिनीत कुटं येतंय."

त्याच्यानंतर त्यानं मोबाईलातलं ते ॲप काढून टाकलं. दसऱ्याला दोघं परत गेले तोडीला. मागल्या हप्त्यात फोन आलता. म्हनला, फडात ट्रॅक्टरवाले दिसभर तेच गाणं लावत्यात, अंगदच्या नावासकट. "मोळी डोक्यावर घिऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढताना ती जागा आली ना दादा, की पाय आपोआप थांबतोय. आन मागून सुनिता मोळी घिऊन येती, ती धडकती. शिव्या देती."

म्या इचारलं, "नवं काय रचतोस का बे?"

"न्हाई," म्हनला. "डब्ब्यात पीठ हाय आता."

मी आजून त्याच गाडीवर हाय. तुमी कायबी म्हना मला.

पर पाव्हणं, तुमी गावोगाव फिरणारे. एक काम करा. कुटं ते गाणं लागलं, तीन फेरे होऊन एकदम गप झालं, तर वळखा. डब्ब्याच्या समोर हुबं राहू नका. वळसा घालून पुढं या, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी. तिथं अंगद ऐकू येत न्हाई. तिथं मामाची जागा आजून मोकळी हाय. पाय वर राहील तुमचा, राहू द्या. आन बेस परत यायच्या आत, हळू का व्हयना, एकदा म्हना, उत्तरेश्वर. म्हनताल ना?