मोठ्या दुखण्यासाठी राखलेलं कार्ड

ज्या वर्षी इलारिया बालदेरासच्या धाकट्या लेकीचं, सोराइदाचं, लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या घरात आजारपणाच्या विम्याचं कार्ड आलं. साल दोन हजार सोळा. मुलगा फाउस्तो संत्र्यांच्या शेडमध्ये पेट्या उचलता उचलता मुकादम झाला, तेव्हा मालकानं त्याचा, त्याच्या बायकोचा आणि दोन्ही मुलींचा विमा काढून दिला. इलारियाचं नाव त्यात नव्हतं. तरी कार्ड कुठं राहणार हे तिनंच ठरवलं. जमिनीचे कागद ज्या पत्र्याच्या डब्यात असत, त्यात तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं आणि डबा आपल्या पलंगाखाली सरकवला.

"हे मोठ्या दुखण्यासाठी आहे," ती म्हणाली. "शिंक आली म्हणून काढायचं नाही."

सून नेरेइदा तव्यावर तोर्तिया उलटत होती. तिनं मान हलवली. त्या घरात मान हलवणं हे तिचं रोजचंच काम होतं.

इलारिया काही मूर्ख बाई नव्हती. फाउस्तोचा ट्रक एकदा कालव्याच्या कठड्याला घासला होता. विम्यातून दुरुस्ती करून घेतली, तर पुढच्या वर्षी हप्ता वाढला. पुन्हा मागितलं, तर कंपनीनं हात झटकले. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं की विमा वापरला की झिजतो. माणसाचा विमा तसा नसतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कार्डाबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, पण ते इंग्रजीत. ते टेबलाच्या आखूड पायाखाली गेलं. वस्तीतल्या बहुतेक घरांत हेच झालं होतं. ताप आला की माणसं सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडे मेक्सिकोत जात, औषधाच्या दुकानात इंजेक्शन टोचून घेत आणि संध्याकाळच्या आत परत येत. कार्डं घरोघर डब्यांत झोपून होती.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी फाउस्तो अंगणात लाकूड कापत असताना करवत निसटली आणि डाव्या हाताचं बोट लोंबायला लागलं. इलारियानं क्षणाचाही विचार न करता पलंगाखालचा डबा ओढला. बोट वाचलं. दवाखान्यात कुणीही आडवं बोललं नाही, उलट खुर्ची दिली. घरी येताना कार्ड तिनं पदराआड धरल्यासारखं छातीशी धरलं होतं, आणि तिच्या मनात एकच हिशेब चालला होता: यातलं निम्मं तर आज गेलं.

पानगळीच्या सुमारास नेरेइदाला दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसू लागलं. तिनं बरेच दिवस अंगावर काढलं. मग एका सकाळी कपडे वाळत घालताना, सासूकडे न बघता, तिनं ते सांगितलं.

"दोन पोरी झाल्यावर असं होतंच," इलारिया म्हणाली. "मला काय झालं नव्हतं? मी कुणाला जाऊन दाखवलं?"

तिनं सुनेला कसल्या कसल्या पाल्याचा काढा करून दिला. तो कडू होता आणि त्यानं काही झालं नाही. नेरेइदानं पुन्हा विषय काढला, तेव्हा कार्ड बोटावर खर्च झालंय असं तिला ऐकवण्यात आलं. तिसऱ्यांदा काढला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर इलारिया म्हणाली, "आमच्या सूनबाईंना डॉक्टरनं बघावं असं फार वाटतंय, फाउस्तो. तू पुरा पडत नाहीस वाटतं."

फाउस्तो हसला. सोराइदा आपल्या नवऱ्याबरोबर जेवायला आली होती, तीही हसली. नेरेइदा उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

त्या हिवाळ्यात वस्तीतल्याच ओब्दुलिया नावाच्या विधवेनं एक नवं काम धरलं होतं. चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी दवाखान्याची माणसं वस्तीतल्या बायकांना शिकवत: हे कार्ड म्हणजे काय, कशाचे पैसे पडतात, कशाचे पडत नाहीत, आणि हे शेजारणीला तिच्या भाषेत कसं समजवायचं. सरावासाठी एक बाई हट्टी नवरा व्हायची आणि दुसरी तिचं दार वाजवायची. नवऱ्याच्या सगळ्या सबबी ओब्दुलियाला पाठ झाल्या होत्या. सासू मात्र त्या हॉलमध्ये कोणी झाली नव्हती.

ती बालदेरासांच्या दारी आली, तेव्हा इलारियानं तिला खुर्ची दिली, कॉफी दिली. ओब्दुलिया फाउस्तोची बाप्तिस्म्याची धर्ममाता. दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, म्हणजे सख्ख्यापेक्षा जवळच्या. कोमाद्रेला दारातून परतवता येत नाही. ओब्दुलियानं शिकवल्याप्रमाणे सगळं नीट सांगितलं. बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कार्डात फुकट होती. पुढं काही निघालं, तर थोडा वाटा भरावा लागेल, ते मी लपवत नाही, असंही ती म्हणाली. पण वापरल्यानं कार्ड संपत नाही, आणि फाउस्तोच्या बोटाचा नेरेइदाच्या पोटाशी काही संबंध नाही.

नेरेइदा हातातलं पीठ विसरून ऐकत होती. इलारियाला तिचा तो चेहरा दिसला. सून आपल्याकडे कधी अशी बघत नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिथंच तिचं मन दगड झालं.

"कोमाद्रे, तुला नवरा नाही, म्हणून तुला वेळ आहे," ती शांतपणे म्हणाली. "घरोघर जाऊन बायकांना खालचं विचारत फिरायचं, याचे पैसे देतात का तुला?"

"थोडे देतात."

"मग दुसऱ्या घरी जाऊन कमव. इथं कुणी आजारी नाही."

ओब्दुलियानं कप खाली ठेवला. "तिला विचारू दे मला."

"विचार की."

ओब्दुलिया नेरेइदाकडे वळली. इलारिया सुनेकडे बघत राहिली, नुसती बघत राहिली.

"मी बरी आहे," नेरेइदा म्हणाली.

संध्याकाळी फाउस्तो शेडवरून आला, तेव्हा इलारियानं त्याला सगळं सांगितलं, थोडं वाढवून. ओब्दुलिया अंगावर हात टाकणाऱ्या डॉक्टरबद्दल बोलत होती, असंही सांगितलं, जे खरं नव्हतं. नेरेइदानं पहिल्यांदाच नवऱ्यापुढं तोंड उघडलं. मला जायचंय, ती म्हणाली. एकदाच. फाउस्तोनं आधी आईकडे पाहिलं. दमला होता तो. त्याला भांडण नको होतं, आणि त्या घरात भांडण टाळायचं म्हणजे काय करायचं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"अमा म्हणतात तर थांबू या," तो म्हणाला. "अजून वाढलं तर बघू."

वाढेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि ते वाढलं. इलारियानं त्याच आठवड्यात डबा पलंगाखालून काढून कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःकडे घेतली. ओब्दुलिया दोनदा पुन्हा आली. दोन्ही वेळा दार अर्धंच उघडलं. रस्त्यात नेरेइदा भेटली, तर मान खाली घालून पुढं जायची. कुणी बघून घरी सांगेल, ही तिला भीती. मुलींना शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाताना ती आता मधे थांबून कुंपणाला धरायची. इलारिया शेजारणींना सांगे, आजकालच्या सुनांना चालायचाही आळस.

वर्ष असंच गेलं, आणि दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत नेरेइदा न्हाणीघरात कोसळली. इलारियानं फरशीवरचं ते रक्त पाहिलं. तिनं बाळंतपणं पाहिली होती, डुकरं कापताना पाहिली होती. इतकं रक्त पाहिलं नव्हतं. तेव्हा किल्ली सापडेना. फाउस्तोनं कपाट लाथ मारून फोडलं.

डॉक्टरीण तरुण होती आणि तिला स्पॅनिश येत होतं. तिनं आडवळण घेतलं नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, मूत्रपिंडापर्यंत पोचलेला. उपचार करू, वेळ मिळेल, बरं होणार नाही. सव्वा वर्षापूर्वी आला असतात, तर बहुधा हे निभावलं असतं, असंही ती म्हणाली. मग तिनं विचारलं, विमा असून का आणलं नाही?

फाउस्तो भिंतीकडे बघत होता. उत्तर इलारियानं दिलं.

"संपलं असतं तर?"

डॉक्टरणीला प्रश्न कळला नाही. तिनं पुन्हा विचारलं. इलारियानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी अगदी हळू.

"ते संपत नाही, सेन्योरा," डॉक्टरीण म्हणाली.

किरणोपचार झाले, औषधं झाली, सगळ्याला तेच कार्ड चाललं. नेरेइदा आठ महिने जगली. शेवटी शेवटी ती बोलत नसे. सासूनं चमचा पुढं केला की तोंड मिटून घेई आणि मुलींच्या हातून खाई. इलारियाला ते फार लागलं. माझ्या हातचं नको म्हणते, अशी तिनं सोराइदाकडे तक्रारही केली.

मृताजवळ जागायला सगळी वस्ती आली. कॉफीचं पिंप भरलेलं, गोड पावाच्या पराती भरलेल्या. बायका एकीमागून एक शवपेटीशी जात आणि इलारियाचा हात धरून एकच सांगत: काय सोशिक होती हो, कधी कण्हली नाही, तुमच्या हाताखाली तयार झालेली. इलारिया मान झुकवून ते घेत होती. तिला बरं वाटत होतं. आपण सुनेला चांगलं वळण लावलं, असं तिला त्या घटकेला खरोखर वाटत होतं.

ओब्दुलिया दाराशी उभी होती. ती पुढं आली.

"ती सोशिक नव्हती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दवाखान्यात तिनं स्वतः मला सांगितलं, तिनं नवऱ्याजवळ मागितलं होतं. तिला दिलं नाही. मी 'बरी आहे' ऐकून उठले, ती माझी चूक. आता मी कुणाच्याही घरी गेले, तर आधी सासूसमोर बसणार आहे, आणि या घरात काय झालं ते सांगणार आहे. ज्यांना माझं येणं नको, त्यांनी आत्ताच सांगावं."

एका म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग मागच्या खुर्चीवरून सोराइदा उठली. पांढरी पडली होती.

"ओब्दुलिया मावशी, मलाही दोन महिने तसंच होतंय," ती म्हणाली. "उद्या नेशील मला?"

इलारियानं लेकीकडे पाहिलं. सून समोर पेटीत होती, मेणबत्त्या जळत होत्या, आणि तिच्या तोंडून जे आलं ते असं:

"सासूला विचारलंस का?"

बायकांनी तोंडं फिरवली. फाउस्तो उठून बाहेर अंगणात गेला.

"नाही," सोराइदा म्हणाली. "विचारणार पण नाही."

ती ओब्दुलियाजवळ जाऊन उभी राहिली. इलारिया आणखी काही बोलायला गेली, पण ऐकायला कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

नेरेइदा बालदेरास वारली ती दोन हजार अठरा सालच्या ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी, सकाळी. तिचं वय चौतीस होतं.