पाच दिवसांत तुटेल

"हलू नका," चालक हळूच म्हणाला आणि त्याने जीपचं इंजिन बंद केलं.

वीस-पंचवीस पावलांवर हत्तीण उभी होती. तिच्या पोटाखालचं पिल्लू स्वतःची सोंड कशीबशी बाजूला सारून तिच्या पुढच्या दोन पायांमध्ये तोंड खुपसत होतं. पुढच्या बाकावरच्या मॅडमनी, म्हणजे नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोने, कॅमेरा डोळ्याला लावला. सगळे श्वास रोखून बसले होते. एवढी शांतता, की पिल्लाच्या चोखण्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि मला पान्हा फुटला.

मी दुर्बिणीची पिशवी छातीशी घट्ट धरली.

"थंडी वाजतेय का गं?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

ऊन चांगलं चटका देत होतं. पण तो पुन्हा हत्तिणीकडे वळला.

नवरा बोअरवेलचे पंप विकतो. वर्षात सगळ्यांत जास्त पंप विकले म्हणून कंपनीने त्याला ही सहल बक्षीस दिली होती. समुद्रापलीकडचा देश, रानात तंबू, तंबूत पितळी नळांचं न्हाणीघर. 'राजेशाही मुक्काम, वन्यजीवन आणि लोकसंस्कृती' असं पत्रिकेवर छापलेलं होतं. मी नाहीच म्हणत होते. माझी लेक ढमी फक्त दीड वर्षाची. पण सासूबाईंना ही संधी आयती चालून आल्यासारखी वाटली.

"जा गं तू खुशाल. दीड वर्षाची घोडी झाली, अजून अंगावर पिते. चार दाणे पोटात जात नाहीत तिच्या. तू डोळ्यांसमोर नसलीस की पाच दिवसांत तुटेल. माझ्या तिन्ही पोरांचं मी असंच तोडलंय."

"आणि ती रडली तर?"

"रडेल की. तू नाही रडलीस तर झालं."

मी जाताना दोन पानं सूचना लिहून फ्रिजवर लावल्या. ताप आला तर काय, शी पातळ झाली तर काय, घड्याळातला गोल सेल तिने गिळू नये म्हणून कुठे ठेवलाय, द्राक्षं उभी चिरायची, आडवी नाहीत. सासूबाई वाचून म्हणाल्या, "एवढं तर औषधाच्या बाटलीवरही लिहीत नाहीत गं."

त्यांना न सांगता मी एक गोष्ट केली. आमच्या घरात पंपांचा विषय निघत नाही असा दिवस नाही. पण दूध काढायचा हातपंप मात्र मी मोज्यांत गुंडाळून आणला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढत राहायचं. आटू द्यायचं नाही. परत गेल्यावर ढमीने मागितलं तर आपल्याकडे असलं पाहिजे. दूध तुटलं तर तुटलं, तिच्या-माझ्यातलं आणखीही काही तुटेल, हीच खरी धास्ती होती.

सकाळच्या फेरीत सिंह, दुपारी जिराफ. मॅडम म्हणायच्या, "अहो, बघा तरी तिकडे, घड्याळात काय बघताय सारखं?" मी जिराफ बघायचे आणि मनात म्हणायचे, आता वरणभात, आता दुपारची झोप. काढलेलं दूध न्हाणीघरातल्या नक्षीदार बेसिनमध्ये ओतायचं म्हणजे हात धजावेना. मग मी ते लहानशा बाटलीत भरून तंबूतल्या फ्रिजमध्ये ठेवायचे. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते. नवरा तंबूबाहेरच्या खुर्चीत चहा पीत होता.

"अगं, आज दूध बरं दिलंय यांनी. त्या रोजच्या पावडरीपेक्षा शंभर पटीने बरं. जरा पातळ आहे, पण गोड."

"कुठलं दूध?"

"फ्रिजमधलं. छोट्या बाटलीत होतं की."

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं.

"अरे देवा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अगदी गंभीरपणे, "संपवू की ओतू?"

मला हसू फुटलं. इतकं, की शेजारच्या तंबूतल्या मॅडमनी पडदा सरकवला. हसता हसता त्याचं रडं कधी झालं कळलं नाही.

"तू काढतेयस?" तो आत येऊन म्हणाला. "आई म्हणाली होती ना, काढायचं नाही, घट्ट बांधायचं."

"ते आईंनी मला सांगितलं होतं. तुला कधी सांगितलं?"

तो टॉवेल शोधू लागला.

"सांग की."

"म्हणजे... जरा लक्ष ठेव म्हणाली."

"सिंहांवर ठेवायचं सोडून माझ्यावर ठेवलंस?"

"तसं नाही गं."

"पंप विकतोस ना तू? उपसा थांबला की झरा आटतो, हे गिऱ्हाइकाला तूच सांगतोस."

"विहिरीचं वेगळं."

"काय वेगळं?"

त्याने कपावर बशी झाकली, जणू त्यात आता माशी पडता कामा नये, आणि अंघोळीला गेला. उरलेलं दूध मी तंबूमागच्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं.

त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: 'चार वाजता संस्कृती.' पाच वाजता चहा. म्हणजे संस्कृती तासाभरात आटपायची होती. आम्हाला कुंपणातल्या चार झोपड्यांपाशी नेलं. ढोल वाजत होते. बायका मण्यांच्या माळा घालून नाचत होत्या आणि एक बाई उखळात मुसळ घालून कांडत होती. आवाज पोकळ येत होता. मी वाकून पाहिलं तर उखळ रिकामं. मान वर केली तर समोर आमचा तंबू आवरणारी बाई! सकाळी इस्त्रीच्या एप्रनमध्ये उशांना अभ्रे घालणारी. तिने मला ओळखलं आणि कुणाला दिसणार नाही असा एक डोळा मिचकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी मी चुकवली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बाई तंबू आवरायला आली तेव्हा पंप बेसिनपाशी वाळत होता. तिने तो उचलला, फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला. आम्ही दोघी एक तिसरीच भाषा मोडूनतोडून बोलायचो, त्यामुळे लपवाछपवीला शब्दच नसायचे.

"किती मोठं बाळ?" तिने विचारलं.

"दीड वर्ष. मुलगी. सासूकडे आहे."

"माझी तीन वर्षांची. माझ्या आईकडे. बसने चार तास." तिने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. "ती दीड वर्षाची असताना मी इथे कामाला आले. महिन्यातून दोन दिवस जाते."

"ओळखते तुम्हाला?"

हे मी काय विचारलं, असं मला लगेच वाटलं. पण ती हसली.

"पहिल्यांदा महिन्याने गेले ना, तर तिने मला आतून पाणी आणून दिलं. दोन्ही हातांत पेला धरून. आईने शिकवलं होतं, पाहुणे आले की पाणी द्यायचं."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"प्यायले. तहान लागली होती, चार तासांची बस." तिने उशी थोपटली. मग माझ्या छातीकडे हनुवटीने दाखवत म्हणाली, "काढत राहिलात तर येत राहील. नाही काढलंत तर जाईल. दुखतं दोन्हीत. पण हे असं चोरून चोरून नका करू. चोरून केलं की जास्त दुखतं."

ती गेल्यावर मी घरी फोन लावला.

"पेल्याने पिते आता," सासूबाई आनंदाने सांगत होत्या. "पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी तुझा गाऊन मागितला, तो घेऊन झोपली. कालपासून नावसुद्धा नाही काढलं बघ. दोन वाट्या भात खाल्ला काल!"

"बरं झालं."

"अगं?"

"हं."

"रडतेयस का?"

"नाही. आई, मी दूध काढतेय इथे. रोज तीनदा. आटू दिलेलं नाही."

मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मला वाटलंच होतं," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तुझ्या नवऱ्याचं तोडलं ना, तेव्हा मी आठ दिवस माहेरी होते. आमच्या वेळी फोन नव्हते, ते एक बरं होतं बाई. ये तू. आल्यावर बघू."

पाचव्या दिवशी मी पंप हातात घेतला, खाली ठेवला. पुन्हा उचलला आणि न वापरताच बॅगेत टाकला. विमानात दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या होत्या. नवऱ्याने काही न विचारता स्वतःचं जॅकेट काढून माझ्या पुढून पांघरलं, आणि खिडकीची जागा मला दिली.

घरी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दार उघडंच होतं. ढमी सासूबाईंच्या कडेवर. तिने माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, भिंतीवरची नोटीस वाचावी तसं. मी चप्पल काढायचीसुद्धा विसरले.

मग ती सरसर खाली उतरली. आली. माझ्या मानेत तोंड घालून तिने एक लांब श्वास घेतला. मी ओढणी सैल केली. पण तिने माझं बोट धरलं आणि मला दारातल्या पायरीपाशी ओढत नेलं.

"आई, बग."

पायरीवर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि दोन्ही पायांनी उडी मारली. पडली नाही.

"परवापासून शिकलीय," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर हेच."

"पुन्ना!" ढमी म्हणाली आणि हातांवर रेलत पायरीवर चढू लागली.

माझा कुडता भिजत चालला होता. सासूबाईंनी ते पाहिलं. माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बस जरा. मागेल तेव्हा मागेल."

मी तिथेच दारात बसले. ढमी वर चढून उभी राहिली होती, हात पसरून, माझ्याकडे बघत. मी पाय आखडून घेतले. तिला उडी मारायला जागा हवी होती.