आंब्याची तुळई

"सर, हे सागवान न्हाई!"

बाबांचा आवाज जिन्यात घुमला आणि मी धावतच खाली आले. लातूरच्या या क्लासमध्ये बाबा वॉचमन, म्हणून मला इथं बारावी करता येत होती. नोकरी गेली की माझाही गाशा गुंडाळलाच! आणि हे टेम्पोतून उतरलेल्या नव्या बाकांना नख लावत उभे.

बाक घेऊन आलेला दुकानदार हसला. "वॉचमनला काय कळतंय, सर? अस्सल माल हाय."

बाबांनी बाक उलटा केला. किल्लीने पॉलिश खरवडलं. आतून फिकट, पांढरट लाकूड निघालं.

"सागाचा गाभा हाताला तेलकट लागतो, वास येतो त्याला. हा रंग मारलेला आंबा हाय. दोन सालात भुंगा पीठ करतोय याचं."

दुकानदाराचं तोंड बघायला हवं होतं! टेम्पो आला तसा परत गेला. क्लासचे मालक साहेबराव सर बाबांकडे बघतच राहिले. "बसवंतराव, सुतार आहात? मग शंभर बाक तुम्हीच करा."

"न्हाई सर. आता न्हाई जमायचं."

सरांना काय ठाऊक! आमच्या गावातली निम्मी दारं बाबांच्या हातची, सगळी सागाची. स्वतःच्या घराच्या छताला मात्र आंब्याची तुळई. "फुडल्या साली बदलू," असं आईला म्हणायचे. त्याआधीच भूकंप आला. तुळई मोडली, आई तिच्याखाली गेली. मी सहा वर्षांची होते. अकरा वर्षं बाबांनी रंध्याला हात लावला नव्हता.

माझं डोकंच सणकलं. "आंबा मोडला म्हणून सागावर राग का, बाबा? आज तुम्ही गप का न्हाई बसलात मग?"

मी धावत खोलीवर गेले, पलंगाखालची हत्यारांची पिशवी ओढून आणली. त्यातल्या हत्यारांना दरवर्षी मीच तेल लावून ठेवायचे, त्यांच्या नकळत. बाबांनी रंधा उचलला आणि त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

पुढच्या सोमवारी गच्चीवर सागाच्या फळ्या पडल्या. रंध्याचा पहिला हात वाकडा गेला, दुसरा सरळ. अगं बाई, काय तो वास! मी टाळ्याच वाजवल्या. खालून पोरं बघायला आली, वर्ग सोडून!

संध्याकाळी बाबा भुशाने माखलेले खोलीवर आले. हातपायही न धुता आईच्या फोटोपुढे उभे राहिले. खिशातून सागाचा ढलपा काढून त्यांनी फोटोखाली ठेवला.

"सागाचा हाय," ते तिला हळूच म्हणाले. "हात लावून बघ."