अडलं तर चित्र बघ

मी एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतेय. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांची नाकं मी पुसलीत, बुटांच्या नाड्या बांधल्यात. अशा बाईला वाचन कसं शिकवायचं ते राजधानीतल्या ऑफिसातून कुणी कळवावं, हे मला झोंबलं. चांगलंच झोंबलं.

माझ्या वर्गात फळ्याच्या वर एक कागदी घुबड आहे. त्याच्या पोटावर ठळक अक्षरांत लिहिलंय: अडलं तर चित्र बघ. पुढे वाच. जुळतंय का ते बघ. माझ्याकडे पोरं एकेक अक्षर जोडत रडत बसत नाहीत, गोष्टीच्या लयीत वाचतात. चित्रात घोडा असेल, खाली 'घोडा' लिहिलं असेल आणि पोर 'तट्टू' म्हणालं, तर मी हसून मान हलवते आणि वहीत बरोबरची खूण करते. अर्थ कुठे बिघडला? आम्हाला कॉलेजात असंच शिकवलं होतं आणि मी ते मनापासून केलं.

आता म्हणे ते सगळं चूक. अंदाजाने वाचणं हे वाचणंच नव्हे. चित्रं झाका, प्रत्येक अक्षराचा आवाज पक्का करून घ्या. हे सांगायला जिल्हा ऑफिसातून मिस ऑल्ड्रिज आली. वय असेल अठ्ठावीस.

"बाई, घुबड काढावं लागेल," ती म्हणाली.

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ते तिथे आहे."

"तेच तर सांगतेय."

त्या दिवसापासून मी कंबर कसली. राज्याने नव्या पुस्तकांची यादी पाठवली होती. ती घ्यायची की नाही, हे आमच्या शाळा मंडळाने सोमवारच्या सभेत ठरवायचं होतं. सात सभासद, त्यातले चार माझ्या हाताखालून गेलेले. तरीही तिथे शिक्षिकेच्या बोलण्याला फारशी किंमत नसते. लोक म्हणतात, आपल्याच पोळीवर तूप ओढतेय. पालक बोलला की मात्र सगळे कान टवकारतात.

म्हणून मी कॉर्बिनला गाठलं. कॉर्बिन माझा जुना विद्यार्थी, आता चौतिशीचा, हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानात काम करतो. माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याची टेसा यंदा माझ्याच वर्गात आहे. मी त्याच्यासाठी एक पान लिहून नेलं.

"सभेत एवढं वाचशील? फार मोठं नाहीये."

त्याने हात पुसून कागद घेतला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि घडी घालून खिशात ठेवला. "तुमच्यासाठी काय पण, बाई."

त्याने कागदावरून नजर एकदाही पुढे सरकवली नव्हती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी माझ्याच लढाईच्या घमेंडीत होते.

सभा शाळेच्या जेवणघरात होती. दुपारच्या पिझ्झाचा वास अजून तिथेच होता. झेंड्याला वंदन झालं, सगळे बसले. बोलायचं असेल त्याने दाराशी पिवळं कार्ड भरायचं असतं: नाव, पत्ता, विषय, बाजूने की विरोधात. कॉर्बिनचं कार्ड त्याच्या बायकोने भरलं. मला वाटलं, त्याचे हात ग्रीसचे असतील. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, आणि मंडळाचा अध्यक्ष गस समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून बसतो.

कॉर्बिन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"मी वाचू शकतो ते... स्टायगर बाईंमुळे," त्याने सुरुवात केली. "पहिलीत मला पुस्तकाची..."

मी 'भीती' लिहिलं होतं. तो थांबला. त्याची नजर कागदाच्या वरच्या भागाकडे गेली. तिथे काहीच नव्हतं, नुसती कोरी जागा. पण मी ती नजर ओळखली. रोज वीस पोरांच्या डोळ्यांत बघते मी ती. तो चित्र शोधत होता.

"...भूक असायची," तो म्हणाला.

लोकांनी माना डोलावल्या. अर्थ कुठे बिघडला होता?

"बाईंनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं, शब्द अडला तर घाई करू नकोस." मी लिहिलं होतं, घाबरू नकोस. पहिलं अक्षर बघायचं, बाकीचं जुळवायचं. अगदी मी शिकवलं तसं. चौतीस वर्षांचा बाप्या माझ्या घुबडाबरहुकूम वाचत होता. "वाचनाची गोडी हे त्यांनी मला दिलेलं..."

'वरदान' होता तो शब्द. घड्याळ टिकटिकत होतं. कॉर्बिनच्या कपाळावर घाम आला.

"...वजन आहे," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. तो स्वतःच गोंधळला, कारण ते जुळत नव्हतं, आणि जुळत नाही हे कळण्याइतकं मी त्याला शिकवलं होतं. मग त्याने कागद खाली ठेवला.

"मला बोलता येत नाही फारसं," तो म्हणाला. "पण बाई चांगल्या आहेत. मला कुणी कधी मूर्ख म्हटलं नाही ते फक्त त्यांच्या वर्गात. माझ्या टेसाला त्यांनीच शिकवावं, त्यांच्याच पद्धतीने. बस."

जेवणघरात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, बिचाऱ्याचा गळा दाटून आला म्हणून अडखळला. गससुद्धा चष्मा काढून डोळे टिपत होता. माझ्या शेजारची खुर्ची सरकली आणि मिस ऑल्ड्रिज येऊन बसली.

"ऐकलंत ना?" ती कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता.

मी मान हलवली.

"मी काही बोलणार नाही. त्याची बायको समोर बसलीय, अख्खं गाव बसलंय. पण पुढचं कार्ड तुमचं आहे, बाई. पुस्तकं हवीत एवढं जरी म्हणालात तरी पुरे."

गसने माझं नाव पुकारलं. मी उठले, पुढे गेले. तीन मिनिटांत सांगता आलं असतं. त्याचं नाव न घेताही सांगता आलं असतं: माझं चुकलं, नवी पुस्तकं घ्या. एवढे दोन शब्द. कॉर्बिन पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होता, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

"कॉर्बिन बोलला त्यात सगळं आलं," मी म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले.

त्याची अब्रू राखली, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू? माझीच राखली.

नवी पुस्तकं तीन विरुद्ध चार मतांनी फेटाळली गेली. बाहेर गाड्यांपाशी कॉर्बिन धावत आला. "बाई, बरोबर वाचलं ना मी?"

"बरोबर," मी म्हटलं. एकतीस वर्षांची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेसाला एकटीलाच वाचायला बोलावलं. निदान हिला तरी, असं मनाशी ठरवून आले होते. शेतावरच्या जनावरांचं पुस्तक उघडलं आणि चित्रावर तळहात ठेवला.

"आता वाच."

तिने शब्दाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. हात हलत नाही म्हटल्यावर तिने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. शब्दाकडे परत वळलीच नाही.

"तट्टू?" ती म्हणाली.

मी हात तसाच ठेवला.

"गाय? घोडा?"

मला कळायच्या आत माझे ओठ हलले असणार, कारण तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पान उलटलं.

"टेसा, थांब. तुला कसं कळलं घोडा ते?"

"बाबांनी सांगितलंय ना," ती म्हणाली. "तुम्ही हसलात की बरोबर असतं."