खिशातलं वाचायचं नाही

बारकीच्या घरची लाँड्री, आणि लाँड्रीत एक नियम म्हणजे अगदी काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाइकाच्या खिशात जे निघेल ते घडी न उलगडता पाकिटात घालायचं आणि पावतीला टाचून ठेवायचं. वाचायचं नाही. प्रेमपत्र असो नाहीतर डॉक्टरचा रिपोर्ट. आई म्हणायची, "कपडे धुवायला दिलेत त्यांनी, अब्रू नाही."

आणि बारकीने काय करावं? घरच्याच माणसाचा खिसा उलटा केला.

म्हणजे झालं असं, की तिला ज्या कॉलेजात जायचं होतं ना, त्यांच्या अर्जात एक निबंध सक्तीचा, आणि वर एक जादाचा, द्यायचा तर द्या, नाहीतर राहिलं. विषय होता, घरातला असा प्रसंग ज्याने तुम्ही बदललात. बारकी लिहायला बसली ती सुटलीच, आणि लिहिलं दादावर. दादाने आधी त्याच कॉलेजात अर्ज केला होता, गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आणि नकार आला. तेव्हापासून हा माणूस काउंटरवर फिरकला नाही. मागच्या खोलीत तो, इस्त्री आणि वाफ. पुढे कुणी ओळखीचं बोलायला लागलं की रेडिओ मोठा करायचा. बारकीने सगळं लिहिलं, रेडिओसकट.

शाळेतल्या बाईंनी वाचून चष्मा काढून पुसला. "हा दे गं. सक्तीचा सगळ्यांचा सारखाच असतो. ह्याने तू उठून दिसशील."

"आणि दादा?"

"दादा कुठे वाचायला जातोय?"

हेच तर तिला आठवडाभर खात होतं.

शेवटी अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. बारकी शाळेतून आली, स्वेटर धुवायच्या ढिगात फेकला, आणि जेवताना एकदम आठवलं. निबंध खिशातच होता. धावत मागे गेली, तर दादाच्या हातात पाकीट.

"तुझ्या खिशात निघालं. घे."

"वाचलंस?"

"लाँड्रीवाल्यांच्या घरात जन्मलीस आणि हे विचारतेस?" त्याने इस्त्री उभी केली. "माझ्याबद्दल आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"आठवडाभर गोड बोलतेयस. न मागता चहा आणून देतेस. तुझा स्वभाव आहे का तो?"

बारकीला हसूही येईना. "जादाचा आहे रे. दिलाच पाहिजे असं काही नाही."

"मी कोरा सोडला होता जादाचा. वाटलं, आपल्याकडे सांगण्यासारखं आहे काय?" शर्टाची कॉलर तो उगाच सरळ करत राहिला. "आता झालंय."

"तू आधी वाच. नको म्हणालास तर नाही पाठवत."

"वाचलं तर नकोच म्हणेन. म्हणून वाचत नाही."

"मग राहू दे. नाहीच पाठवत."

"आणि तुझं नाही झालं तर? तेही माझ्याच माथी? जा, पाठव."

बारकी काउंटरवर येऊन मोबाइल घेऊन बसली. सक्तीचा निबंध चढवला. जादाच्या रकान्यापाशी बोट थांबलं ते थांबलंच. वाटलं, आई येईल, रागवेल, हातातून मोबाइल काढून घेईल. आई बाहेर कपडे वाळत घालत होती, ती काही आली नाही. आणि खरं सांगायचं तर बारकीला जायचं होतं. ह्या वाफेतून, ह्या रेडिओतून सुटून कुठेतरी फार लांब जायचं होतं.

तिने पाकीट उघडलं, कागदाचा फोटो काढला आणि जादाचाही चढवला. अर्ज गेला.

मग ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. दादाने वर पाहिलं नाही.

"पाठवलास?"

"हो."

"बरं केलंस."

बारकी म्हणाली, "दादा, ऐक ना."

काउंटरवर कुणीसुद्धा नव्हतं. दादाने हात लांब केला आणि रेडिओ मोठा केला.